दहा पानांपलीकडचं इंग्रजी

गावाजवळ खाण, बंदर किंवा औष्णिक वीजकेंद्र यायचं झालं की परिसरावर त्याचा काय परिणाम होईल याचा एक अहवाल तयार होतो. सगळे त्याला ईआयए म्हणतात. पूर्ण नाव एन्व्हायर्नमेंटल इम्पॅक्ट असेसमेंट. तो शेकडो पानांचा असतो आणि इंग्रजीत असतो. गावाला स्वतःच्या भाषेत मिळतो तो त्याचा सारांश. हा सारांश जास्तीत जास्त दहा ए-फोर पानांत बसवायचा, असं १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेच्या परिशिष्टातच लिहून ठेवलंय. हवा, पाणी, आवाज, झाडं, मासे, विस्थापन, रोजगार, सगळं दहा पानांत. त्यापलीकडचं वाचायचं तर इंग्रजीला पर्याय नाही.

२०२० मध्ये केंद्र सरकारने ही अधिसूचनाच बदलायचा मसुदा काढला. हरकती सगळ्या देशाकडून मागवल्या, मसुदा मात्र हिंदी आणि इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला सांगितलं, की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत त्याचं भाषांतर करून तो प्रसिद्ध करा. सरकार त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे भाषेचा मुद्दा किरकोळ आहे असं सरकारलाही वाटत नव्हतं, फक्त उलट्या बाजूने.

'डेव्हलपमेंट व्हर्सेस नेचर' हा शाळा-कॉलेजात आणि स्पर्धा परीक्षांत निबंधाचा ठरलेला विषय. गाइडमधून मुलं 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट', 'इकॉलॉजिकल बॅलन्स', 'नीड ऑफ द अवर' हे शब्द उचलतात. गुण मिळतातही. पण या शब्दांनी कोणाचं काही अडत नाही. ज्यांनी अडतं ते शब्द सरकारी पत्रांत, न्यायालयाच्या आदेशांत आणि सल्लागार कंपन्यांच्या अहवालांत असतात. त्यातल्या प्रत्येकामागे कायद्याचं एखादं कलम असतं, किंवा हेक्टरी दर असतो, किंवा कोणाची तरी सही. ते इंग्रजी निबंधाच्या इंग्रजीपेक्षा कोरडं आहे, पण शिकायचं ते हेच.

सुरुवात क्रियापदांपासून करू, कारण बातमी कोणाच्या बाजूची आहे हे आधी क्रियापद सांगतं. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. इंग्रजीत याला 'फेलिंग' म्हणतात. इथे आपल्या मुलांची हमखास फजिती होते. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल', आणि तोडण्याचं मूळ क्रियापदही 'फेल'. त्यामुळे 'द ट्रीज फेल' म्हणजे झाडं पडली, आपणहून, वाऱ्याने म्हणा. 'द ट्रीज वेअर फेल्ड' म्हणजे ती तोडली. (परीक्षेतलं 'फेल' तिसरंच, त्याचा इथे संबंध नाही.) सरकारी निवेदनात सहसा यातलं काहीच नसतं. तिथे झाडं 'अफेक्टेड' असतात, म्हणजे बाधित. यात तोडायचीही आली आणि मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचीही. वर्तमानपत्रात ती 'फेस द ॲक्स' करतात किंवा कारशेडसाठी 'मेक वे' करतात, जणू रांगेतल्या सभ्य माणसाने बाजूला व्हावं तशी. आंदोलकांच्या फलकावर 'मॅसेकर' असतं. घटना एकच. 'अफेक्टेड', 'डिस्प्लेस्ड', 'डायव्हर्टेड' अशी कर्मणी रूपं दिसली की करणारा कोण, हे वाक्यात शोधावं. बहुतेक वेळा तो सापडत नाही.

'क्लिअरन्स' या शब्दाची तर गंमतच आहे. भारतात 'फॉरेस्ट क्लिअरन्स' म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची सरकारी परवानगी. भारताबाहेरच्या इंग्रजी पुस्तकात हेच दोन शब्द आले तर अर्थ होतो जंगल साफ करणं. परवानगीनंतर जमिनीवर जे होतं ते पाहता दोन्ही अर्थ फार लांबचे नाहीत. आपल्या हिरव्या कंदिलाचं इंग्रजी 'ग्रीन सिग्नल'ही असंच, भारतात सर्रास चालतं. लंडनच्या वर्तमानपत्रात 'ग्रीन लाइट' सापडेल.

आरेच्या भांडणात मुख्य वाद एका साध्या नामाचा होता. ही जमीन 'फॉरेस्ट' आहे का? कागदावर ती दुग्धविकास खात्याची. झाडांकडे आणि बिबट्यांकडे पाहिलं तर दुसरंच काही. हा प्रश्न इतका तापला त्याचं मूळ १२ डिसेंबर १९९६ च्या एका आदेशात आहे. टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातला 'फॉरेस्ट' हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा, मालकी कोणाचीही असो. सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही त्यात आली. शब्दकोशाला इतकं कायदेशीर वजन क्वचितच मिळालं असेल. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही व्याप्ती आखडली गेली. १९ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त तो जुना, शब्दकोशातला अर्थच धरून चालायला सांगितलं.

याच्या शेजारी 'फॉरेस्ट कव्हर' ठेवा. दोन शब्द जवळचे दिसतात, पण दुसऱ्याचा कायद्याशी संबंध नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून मोजते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, त्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली किमान १० टक्के, एवढं असलं की ते 'फॉरेस्ट कव्हर'. जात कोणती, मालक कोण, हे विचारायचं नाही. त्यामुळे रत्नागिरीतली आंबा-काजूची बागही यात मोजली जाऊ शकते. 'राज्यातलं फॉरेस्ट कव्हर वाढलं' अशी बातमी वाचून जंगल वाढलं असं कोणी म्हणालं, तर त्याला थांबवायला एवढी माहिती पुरे.

उलट्या टोकाला 'वेस्टलँड'. इंग्रजांच्या महसुली भाषेत 'वेस्ट' म्हणजे जिच्यापासून सारा येत नाही ती जमीन. तिथे काय उगवतं, कोण चरतं, याच्याशी साहेबाला कर्तव्य नव्हतं. इंग्रज गेले, शब्द राहिला. देशाचा 'वेस्टलँड ॲटलास' आजही निघतो. आपल्या सात-बारावरचा पोटखराबा हा त्याचाच चुलत भाऊ: लागवडीला न येणारा भाग, म्हणून आकारणी नाही. प्रकल्पाच्या इंग्रजी सादरीकरणात मात्र 'अनकल्टिव्हेबल'चं बघता बघता 'बॅरन' होतं. पहिल्याचा अर्थ नांगर चालत नाही. दुसऱ्याचा अर्थ तिथे काहीच नाही.

कोकणातला सडा हे याचं जवळून पाहण्यासारखं उदाहरण. एप्रिलमध्ये सड्यावर उभं राहिलं तर तापलेला काळा-तांबडा कातळ, करपलेलं गवत आणि चटके. पहिल्या सरी पडल्या की त्याच कातळातल्या खळग्यांत पाणी साचतं, हातभरसुद्धा नसलेल्या मातीत गेंद उगवतात, पाणथळ जागी सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा पसरतो. ही चिमुकली वनस्पती किडे पकडून खाते, कारण कातळावरच्या मातीत नत्र फारच कमी असतं. कासचं पठार हा याचाच घाटमाथ्यावरचा प्रकार. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात ते आहे. सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रिफायनरीच्या माती परीक्षणावरून २०२३ च्या एप्रिलमध्ये जिथे आंदोलन पेटलं त्या बारसूची कातळशिल्पंही त्या यादीत आहेत. आता ईआयएमधला एक शब्द घ्या, 'बेसलाइन डेटा'. प्रकल्प येण्याआधी तिथे काय होतं याची ही नोंद. पुढचा सगळा हिशेब या पायावर. खाणी आणि उद्योगांच्या अहवालांत ही नोंद पुष्कळदा एकाच हंगामाची असते आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा असतो. हवेतली धूळ मोजायला ते योग्यच आहे, पावसात धूळ बसते. पण सड्यावरची वनस्पती मोजायला मार्च ते मे गेलात तर कातळच मिळणार. 'नो फ्लोरा ऑफ सिग्निफिकन्स वॉज ऑब्झर्व्ह्ड' हे वाक्य मग खोटंही नसतं.

'सिग्निफिकंट' हा असल्या अहवालांचा लाडका शब्द. 'नो सिग्निफिकंट ॲडव्हर्स इम्पॅक्ट इज अँटिसिपेटेड' या वळणाचं वाक्य प्रकरणामागून प्रकरणात येतं. 'अँटिसिपेटेड' म्हणजे अपेक्षित, पण अपेक्षा कोणाची? 'सिग्निफिकंट' कोणत्या मोजमापाने? 'नेग्लिजिबल', 'मार्जिनल', 'टेम्पररी अँड रिव्हर्सिबल' ही त्याचीच भावंडं. यावर विचारायचे प्रश्न सोपे आहेत: किती, कोणत्या महिन्यात मोजलं, कोणत्या मर्यादेशी ताडून पाहिलं. या वाक्यातलं व्याकरण निर्दोष असतं आणि तेवढ्यावरच आपण गप्प बसतो.

पैशाची भाषा याहून कठीण, आणि म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. वनजमीन घेणाऱ्याला 'नेट प्रेझेंट व्हॅल्यू', म्हणजे एनपीव्ही, भरावी लागते. कल्पना व्यापारातली आहे. पुढच्या काळात मिळणारं उत्पन्न आजच्या पैशात किती, याचा हा हिशेब. वीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज किती समजायचे? दरसाल ५ टक्के वटाव धरला तर सुमारे ३८ रुपये. १० टक्के धरला तर १५ सुद्धा नाहीत. या टक्क्यांना 'डिस्काउंट रेट' म्हणतात. (दुकानातल्या सेलशी याचा संबंध नाही.) जंगल लाकूडफाटा देतं, पाणी मुरवतं, कार्बन धरून ठेवतं, आणि हे वर्षानुवर्षं देत राहतं. दर जितका चढा धराल तितकी नातवंडांच्या वाट्याची वर्षं हिशेबात पातळ होत जातात. अर्थशास्त्रज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने २००६ मध्ये यावर अहवाल दिला, त्यानंतर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरवले. अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. २०२२ मध्ये दर वाढून साधारण साडेनऊ लाख ते सोळा लाखांवर गेले. दाट सदाहरित रानाच्या एका हेक्टरला सोळा लाख. पुण्या-मुंबईत त्या पैशात दोन खोल्यांचं घर मिळणंही कठीण. यावर काय म्हणायचं ते वाचकाने ठरवावं. निदान आकडा तरी कळला पाहिजे, आणि तो 'एनपीव्ही' या तीन अक्षरांच्या आड राहतो.

पैशाबरोबर झाडंही लावावी लागतात. त्याला 'कॉम्पेन्सेटरी अफॉरेस्टेशन' म्हणतात, मराठीत पर्यायी वनीकरण. नियमानुसार जेवढं जंगल गेलं तेवढ्याच बिगर-वन जमिनीवर. काही प्रकल्पांना उजाड वनजमिनीवर लावायची सवलत आहे, तिथे क्षेत्र दुप्पट. ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि वसाहतीसाठी १३० चौरस किलोमीटरहून अधिक वनजमीन वळवायला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि पर्यायी वनीकरणाची जागा तेव्हा दाखवली गेली हरियाणात. विषुववृत्ताजवळच्या बेटावरचं सदाहरित रान, आणि बदल्यात अरवलीकडची कोरडी जमीन. 'कॉम्पेन्सेट' म्हणजे भरपाई करणं. झाडांची संख्या भरून येईल कदाचित. निकोबारच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या लेदरबॅक कासवांना हरियाणाचा काय उपयोग?

यानंतर दोन शब्द असे, की त्यांची गल्लत महागात पडते. 'कन्सल्टेशन' आणि 'कन्सेंट'. पहिल्यात तुमचं म्हणणं ऐकून घेतात. दुसऱ्यात तुमच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नाही. ईआयएची जनसुनावणी ही 'पब्लिक कन्सल्टेशन'चा भाग आहे. तिथे शंभर टक्के लोकांनी हात वर करून विरोध केला तरी प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. हरकती नोंदवून वर पाठवल्या जातात. कितीतरी गावांत सुनावणीच्या दिवशी 'आम्ही नामंजूर केलं' म्हणून फटाके वाजतात आणि काही महिन्यांनी मंजुरीचं पत्र येतं, तेव्हा लोकांना फसवल्यासारखं वाटतं. कन्सेंटची ठिकाणं वेगळी आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्क्यांची. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि २०१४ च्या जानेवारीत केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. डोंगरिया कोंध आदिवासी त्या सभांत त्यांच्याच भाषेत बोलले. त्यामागचा कायदा, म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा, मात्र कोणीतरी इंग्रजीत नीट वाचलेला होता.

मंजुरी आली की तिच्या पत्रातलं व्याकरण पाहावं. 'इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल' म्हणजे तत्त्वतः मंजुरी, वनजमिनीच्या बाबतीत हा पहिला टप्पा. अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरी हा दुसरा. बातम्यांत पहिल्यावरच पेढे वाटले जातात. 'सब्जेक्ट टू' दिसलं की त्यापुढचं सगळं अटींचं. अटीत 'शॅल' असेल तर ते बंधन. 'मे' असेल तर मर्जी. 'ॲज फार ॲज पॉसिबल' असेल तर ती अट सुटकेच्या दारासकट आली आहे असं समजावं. या अटींचं पालन झालं का याचा अहवाल कंपनीने वर्षातून दोनदा द्यायचा असतो, १ जून आणि १ डिसेंबरला. त्याला 'सिक्स-मंथली कंप्लायन्स रिपोर्ट' म्हणतात. सुनावणीला हजारभर माणसं जमतात. या अहवालाची प्रत मागायला कोणी जात नाही, आणि खरी कामं तर मंजुरीनंतरच सुरू झालेली असतात.

एखादं गाव 'इको-सेन्सिटिव्ह' यादीत आलं की घबराट होते: आता गोठाही बांधता येणार नाही, शेती बंद. अभयारण्याभोवतीच्या अशा क्षेत्राची कोणतीही अधिसूचना उघडा, त्यात एक तक्ता असतो आणि त्याचे तीन भाग असतात. 'प्रोहिबिटेड', म्हणजे बंदच: व्यापारी खाणी, दगडखाणी, प्रदूषण करणारे नवे कारखाने वगैरे. 'रेग्युलेटेड', म्हणजे परवानगीने आणि मर्यादेत: हॉटेलं, झाडतोड, रात्रीची वाहतूक. आणि 'प्रमोटेड', म्हणजे ज्यांना उत्तेजन द्यायचं: पावसाचं पाणी साठवणं, सेंद्रिय शेती, गावातले छोटे उद्योग. अफवा पसरते ती दुसऱ्या भागातलं सगळं पहिल्यात ढकलून. माधव गाडगीळ यांच्या समितीचा पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल हा याच गोंधळाचा बळी. तो इंग्रजीत होता आणि मंत्रालयाने तो जाहीर करायलाच २०१२ उजाडलं. स्थानिक भाषांत तो ग्रामसभांपुढे ठेवून चर्चा करा, असा गाडगीळांचा आग्रह होता. तसं झालं नाही, लोकांपर्यंत पोचली ती कोणीतरी सांगितलेली गोष्ट. मग घाटासाठीच नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा अहवाल आला, २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघू लागले. घाटातल्याच वायनाडमध्ये, केरळात, दरड कोसळली ३० जुलै २०२४ ला, आणि त्यानंतरच्या तारखेचा, ३१ जुलैचा जो मसुदा निघाला तो सहावा. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. 'ड्राफ्ट' हा शब्द या दप्तरात इतका मुरलाय की त्याचं 'फायनल' कधी होतं हे पाहण्यासारखं आहे.

तत्त्वांच्या भाषेबद्दल मात्र मला फार वेळ घालवावासा वाटत नाही, कारण गाइडं तीच देतात. तरी दोन-तीन दुरुस्त्या. 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'ची प्रसिद्ध व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, एवढंच सगळे पाठ करतात. त्या व्याख्येचा पुढचा भाग गाइडांत गळतो. आयोगाने तिथे लगेच स्पष्ट केलंय, की गरजांमध्ये अग्रक्रम जगातल्या गरिबांच्या गरजांना. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या इंदिरा गांधींच्या भाषणाचंही असंच झालं. गरिबी आणि अभाव हेच सर्वात मोठे प्रदूषक नाहीत का, असा त्यांनी प्रश्न केला होता. त्याचं लोकांनी 'पॉव्हर्टी इज द ग्रेटेस्ट पोल्युटर' असं ठोकळ विधान करून टाकलं, आणि ते कारखान्यांच्या समर्थनार्थ फिरू लागलं. तिसरी दुरुस्ती 'पोल्युटर पेज'ची. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांनी पालार नदीचं खोरं नासवलं, त्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आणि त्याच्या जोडीला 'प्रिकॉशनरी प्रिन्सिपल' भारतीय कायद्याचा भाग मानलं. पैसे भरा आणि घाण करा असा पहिल्याचा अर्थ नाही. नुकसानीची भरपाई आणि बिघडलेलं पूर्ववत करण्याचा खर्च दोन्ही प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. दुसऱ्यातली खुबी 'बर्डन ऑफ प्रूफ'मध्ये आहे: धोका नाही हे प्रकल्पवाल्याने सिद्ध करायचं, आहे हे गावाने नव्हे.

लिहिताना आपल्याकडून होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. मराठीत 'द' नाही, म्हणून तो कुठे लावायचा हे आपल्याला कानाने कळत नाही. निसर्ग या अर्थाने 'नेचर' एकटं येतं. 'द नेचर' लिहिलंत की वाचणारा पुढच्या 'ऑफ'ची वाट पाहतो, कारण मग अर्थ स्वरूप असा होतो. 'एन्व्हायर्नमेंट'चं नेमकं उलटं, पर्यावरण म्हणायचं तर 'द' हवाच. आर्थिक विकास म्हणजे 'इकॉनॉमिक डेव्हलपमेंट'. 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचं, मोटारसायकलच्या मायलेजला शोभणारं. 'पोल्युशन' आणि 'वाइल्डलाइफ' यांची अनेकवचनं होत नाहीत. आणि 'जरी–तरी' ही आपली जोडी इंग्रजीत नेऊ नये. 'ऑलदो' लिहिल्यावर पुढच्या उपवाक्यात 'बट' नको. हे वाक्य नीट जमवणं फार गरजेचं आहे, कारण या विषयातलं प्रामाणिक वाक्य बहुतेक वेळा 'ऑलदो'नेच सुरू होतं: मेट्रोमुळे गाड्यांचा धूर कमी होईल हे खरं असलं, तरी कारशेडची जागा दुसरी असू शकली असती. दोन्ही बाजूंचे लोक एका वाक्यात मावतात. 'स्ट्राइक अ बॅलन्स' लिहून मात्र कोणतीच बाजू मांडली जात नाही. तो शब्दप्रयोग मी तपासणीत नेहमी खोडतो.

सरावासाठी विकतची पुस्तकं नकोत. २०१८ पासून केंद्राचं 'परिवेश' नावाचं पोर्टल आहे. त्यावर प्रकल्पांचे अहवाल, तज्ज्ञ समितीच्या बैठकांचे वृत्तांत, मंजुरीची पत्रं मिळतात. आपल्या तालुक्यातला एखादा प्रकल्प निवडावा, त्याचा मराठी सारांश आणि इंग्रजी सारांश शेजारी ठेवून ओळीने वाचावेत. कुठे मराठी मऊ झालंय, कुठे आकडा गाळलाय, ते पाहावं. अकरावीच्या मुलांना हे जमतं; त्यांच्या वाचनात येणारे बरेच धडे याहून कठीण असतात.

आणि सुनावणीला गेलात तर बोलायला इंग्रजी लागत नाही. हरकत मराठीत सांगता येते, लेखीही देता येते, आणि सूचना निघाल्यापासून सुनावणीपर्यंत किमान तीस दिवस हातात असतात. फक्त आपलं बोलून झालं की जेवायला उठू नये. झालेल्या चर्चेचा गोषवारा कार्यवाहीच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, तोही स्थानिक भाषेत समजावून, आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्याच दिवशी सही करायची, असं २००६ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. तोवर दुपार टळलेली असते, मंडप अर्धा रिकामा झालेला असतो. बेसलाइन कोणत्या महिन्यात घेतली हा तुमचा प्रश्न त्या गोषवाऱ्यात आला की नाही, हे तिथेच ऐकायचं. आला नसेल तर सही होण्याआधी उठून सांगायचं.